गेमचा खरा शौकीन कोण? पोट्ट्यायचे अन् त्यायच्या मायबापाचे नेहमीचे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. डिस्प्ले बदलता बदलता पोट्टे गेमचंच विचारत राहतात, राहिलेले रात्री अकरा वाजता व्हॉट्सॅपवर विचारतात. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. प्रश्नांना नंबर टाकले आहेत, एका उत्तरात दुसरा नंबर दिसला तर तिथे जाऊन वाचा, मला परत मेसेज करू नका.

१. भाऊ, गेमचा खरा शौकीन म्हणजे नेमका कोण? मी रोज बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) खेळतो, मी त्यात येतो का नाही?

येऊ शकतोस, पण रोज खेळतो एवढ्यावरून नाही. शंकरपटात एक माणूस हमखास दिसतो, घरी बैलजोडी तर सोडाच साधा गोऱ्हाही नाही, पण भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून उभा असतो अन् जोडी सुटायच्या आधीच सांगून टाकतो की उजवा बैल शेवटी मागं राहीन, टाइम तिथंच जाईन. तो शौकीन. लाखाची जोडी घेऊन आलेला मालक शौकीन असेलच असं काही नाही.

आता तू रोज खेळतो ना, मंग सांग, झोन (खेळायचं मैदान) बारीक का होत जातो? तो बारीक झाला नाही तर शंभर लोक झाडामागे लपून संध्याकाळ करतील, कोणी कोणासमोर येणारच नाही, म्हणून बनवणाऱ्यानं ती युक्ती केली आहे. एकेएम बंदूक मारते जास्त पण उडतेही जास्त, एम-४१६ कमी मारते पण हातात राहते, मंग दूरच्या माणसाला कोणती? असं ज्याच्या डोक्यात खेळताना आपोआप चालू असतं तो माझ्या हिशोबानं शौकीन. अन् हरल्यावर काय म्हणतो ते पाहतो मी. "नेट खराब होतं" म्हणून जो प्रत्येक वेळी मोकळा होतो तो टाइमपास करून राहिला (त्यात वाईट काही नाही, टाइमपासही लागतो माणसाला). "मी उघड्यावर रीलोड केलं, तिथंच गेलो" म्हणणारा वेगळा.

२. माझ्याजवळ दहा हजाराचा मोबाईल आहे. पीसी नाही, प्लेस्टेशन नाही. मंग मी काय शौकीन होणार?

उलट तुला जास्त शोधावं लागते म्हणून तूच लवकर होशील. नोकियाच्या ६११० मध्ये १९९७ साली स्नेक आला, त्याला रंग नव्हते, तरी आपल्याकडे नंतरच्या नोकियांवर लोकांनी बटणं घासून पांढरी केली. स्वस्त फोनवर लय काही चालते. जीटीए व्हाइस सिटीची मोबाईलवाली आवृत्ती आहे, पीपीएसएसपीपी नावाचा एम्युलेटर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारं ॲप) आहे जो जुन्या पीएसपीचे, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या मशीनचे, गेम चालवतो, लिम्बो आहे. एम्युलेटर कायदेशीर आहे, पण त्यात टाकायचा गेम कुठून आणला हा वेगळा मुद्दा, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

ज्याच्याजवळ दीड लाखाचा पीसी आहे आणि त्यावर तो फक्त सेटिंग अल्ट्रा करून स्क्रीनशॉट टाकतो, त्याला पीसीचा शौक आहे. तोही शौकच आहे, फक्त दुसरा.

३. रोज किती तास खेळलं तर चालते?

तासावर काही नाही. आठवड्यातून रविवारी दोन तास खेळणारे एक नंबर शौकीन माझ्या ओळखीत आहेत. जास्त होऊन राहिलं का हे पाहायचं असेल तर प्रश्न १४.

४. जुने गेम खेळलेच पाहिजेत का? कॉन्ट्रा, मारिओ वगैरे? ग्राफिक्स पाहवत नाही राजा.

पाहिजेतच असा काही नियम नाही, पण एकदा पाहून घे, कारण आज जे काही चालू आहे त्याची मुळं तिथं आहेत.

आपल्या खेड्यात खरा निन्टेन्डो कोणाकडेच नव्हता. होता तो त्याचा डुप्लिकेट, दोन रिमोट, एक पिवळी नाहीतर काळी कॅसेट, वर "९९९९ इन १" लिहिलेलं अन् आत मोजून पंधरा-वीस गेम, तेच गोल गोल फिरवलेले. मूळ मशीन जपानमध्ये १९८३ ला फॅमिकॉम नावानं आलं. कॅसेट चालली नाही की आपण फुंकर मारायचो. फुंकरीनं काही होत नव्हतं, उलट तोंडाची वाफ पिनांना लागून गंज धरतो, काढून परत लावताना पिना नीट टेकायच्या म्हणून गेम चालायचा. पण सांगणार कोणाला, फुंकर न मारता कॅसेट लावली तर घरातले सगळे ओरडायचे.

आता मारिओ घे. सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५, अख्खा गेम ४० केबीचा. तुझ्या व्हॉट्सॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा गुलाब त्याच्यापेक्षा मोठा असतो. एवढ्या जागेत बसवायचं म्हणून त्यांनी ढग आणि झुडूप एकच चित्र वापरलं, ढग पांढरा, झुडूप हिरवं, बस. परत लावून नीट पाहा, एकदा दिसलं की मंग दिसतच राहते. अन् पहिला सीन पाहा, पहिला शत्रू समोरून चालत येतो, काहीच नाही केलं तर मरतोस, उडी मारली की वरच्या डब्याला डोकं लागून मशरूम निघते, म्हणजे एक ओळ न लिहिता गेमनं तुला अख्खा खेळ शिकवला. आताच्या गेममध्ये पहिला अर्धा तास बाण दाखवून दाखवून जीव खातात.

१९७८ चा स्पेस इन्व्हेडर्सही असाच. शत्रू कमी होत गेले की बाकीचे जोरात धावतात, ते मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, मशीनला कमी चित्रं काढावी लागत म्हणून खेळ आपोआप पळायचा, अन् बनवणाऱ्याला ते आवडलं म्हणून तसंच राहू दिलं. मला अशा गोष्टी कळल्या की गेम खेळल्यापेक्षा जास्त मजा येते. ग्राफिक्सचं म्हणशील तर दहा मिनिटात डोळे सरावतात.

५. बदकं मारायची बंदूक घरात सापडली, जुनं मशीनही आहे, पण नवीन टीव्हीवर गोळी लागतच नाही. बंदूक बिघडली का?

बंदूक चांगली असेल, टीव्ही नवीन आहे हाच घोळ. त्या बंदुकीतून काही निघत नाही, उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. घोडा दाबला की एका क्षणाला सगळा स्क्रीन काळा होतो, लगेच जिथं बदक आहे तिथं पांढरा चौकोन येतो, बंदुकीनं नेमका त्या वेळी उजेड पाहिला तर बदक मेलं. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र तात्काळ उमटायचं अन् त्याचा उजेड एका ठरावीक वेगानं फडफडायचा. एलईडी टीव्ही आधी चित्रावर आपलं काहीतरी काम करतो मंग दाखवतो, तोपर्यंत वेळ निघून जाते. भंगारवाल्याकडे डब्बा टीव्ही भेटला तर ठेवून घे, माझ्या दुकानातही एक आहे, विकायचा नाही.

६. लॅग आणि हँग एकच असते का? माझ्या फोनमध्ये दोन्ही होते.

एक नाही. अन् हा फरक न कळल्यामुळे लोक फोन विकून मोकळे होतात जेव्हा दोष टॉवरचा असतो, किंवा सिम बदलतात जेव्हा दोष फोनचा असतो.

ओळखायचं असं, गेमच्या ट्रेनिंगमध्ये जा आणि नुसता कॅमेरा गोल फिरव. चित्र अडकत अडकत फिरलं तर फोन थकला, फ्रेम कमी पडून राहिल्या. ६० फ्रेमचा गेम असेल तर प्रत्येक चित्राला साधारण १६ मिलिसेकंद भेटतात, तेवढ्यात फोननं काढलं नाही की झटका लागते. पण कॅमेरा लोण्यासारखा फिरतो अन् समोरचा माणूस मात्र इथून गायब होऊन तिथं उगवतो, किंवा तू भिंतीमागं जाऊन बसल्यावर मरतोस, तर तो नेटचा लॅग, म्हणजे पिंग. तुझ्या बोटाचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग.

स्पीड आणि पिंग वेगळं आहे हेही डोक्यात ठेव. स्पीड टेस्टमध्ये ४० दाखवते तरी गेम उडतो असं म्हणत येतात लोक. मॅच खेळायला डेटा लय कमी लागते, डेटा खाते ते अपडेट. गेमला पाहिजे निरोप लवकर आणि एकसारखा. खेड्यात रात्री आठ ते दहा सगळं गाव एकाच टॉवरवर मोबाईल पाहून राहिलं असते, तेव्हा पिंग वाढणारच, त्या वेळेत रँक खेळू नको, सकाळी खेळ. फोन ५जी-४जी मध्ये सारखा उड्या मारत असेल तर सेटिंगमधून ४जीवरच बांधून टाक. प्ले स्टोअरचं ऑटो अपडेट बंद कर. स्लॅबवर जाऊन बसणं हा उपायही खरा आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त कठड्यावर बसू नका रे बाबा.

७. मे महिन्यात फोन इतका तापते की गेम आपोआप स्लो होते. फ्रीजमध्ये ठेवला तर चालते का?

नाही. नाही. दरवर्षी तीच केस येते. गरम फोन फ्रीजमध्ये टाकून बाहेर काढला की आत दव धरते, जसं गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून धरते, अन् मंग मदरबोर्डवर हिरवा थर घेऊन माझ्याकडे येता.

स्लो होते ते फोन स्वतःला वाचवायसाठी करतो, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. ॲपल तर आयफोन ० ते ३५ अंशाच्या हवेत वापरा म्हणून सांगते, अन् आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश असते. म्हणजे आपल्या उन्हाळ्याचा विचार करून कोणी फोन बनवलाच नाही. कव्हर काढ, ब्राइटनेस उतरव, फ्रेम रेट एक पायरी खाली घे, आणि मुख्य म्हणजे चार्जिंगला लावून खेळू नको, बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेले फोन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त येतात. कूलरसमोर बसून खेळायला हरकत नाही पण कूलरच्या अगदी तोंडाशी फोन धरू नको, पाण्याचे कण येतात त्यातून.

८. लाईन गेली की पीसी बंद पडते आणि सगळी सेव्ह जाते. काय करावं?

गेम सेव्ह करून राहिला असताना, कोपऱ्यात ते चिन्ह फिरत असते ना, नेमकी तेव्हा लाईन गेली तरच फाईल बिघडायची भीती जास्त. म्हणून एकाच जागी सेव्ह करत जाऊ नका, दोन-तीन वेगवेगळ्या स्लॉटमध्ये आलटून पालटून करा. नेट असेल तर स्टीमचं (पीसीचे गेम विकणारं ऑनलाईन दुकान) क्लाउड सेव्ह चालू ठेवा (सगळ्या गेमला नसते). छोटा यूपीएस घेतला तरी पाच-दहा मिनिटं भेटतात, सेव्ह करून नीट बंद करायला तेवढे बास. घरचा इन्व्हर्टर जुना असेल तर लाईन बदलताना पीसी रीस्टार्ट मारतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

९. गेम विकत घ्यायला पैसे नाहीत. क्रॅक टाकलं तर शौकीन म्हणणार नाही का तुम्ही?

आपल्याकडे कोणी म्हणत असेल की त्यानं आयुष्यात पायरेटेड गेम खेळला नाही तर तो खोटं बोलून राहिला, सायबर कॅफेतला एकही व्हाइस सिटी ओरिजिनल नव्हता. तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. आता आहे. स्टीमवर २०१५ पासून रुपयात किंमत लागते, यूपीआय चालते, सेलमध्ये चांगले चांगले जुने गेम दोनशेच्या आत येतात. अन् आवडला नाही तर १४ दिवसांच्या आत, दोन तासापेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत. एपिक स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देते, तेही कायमचे.

मोबाईलवर मात्र "मॉड एपीके, अनलिमिटेड डायमंड" वाल्या फाईल टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. गेमला मेसेज वाचायची परवानगी कायले पाहिजे याचा विचार करा. ओटीपी तिथंच येते न. त्याच फोनवर बापाचं बँकेचं ॲप असते, कापसाचे पैसे तिथं जमा असतात.

१०. चीट कोड मारणारा गेमर खरा नाही असं मित्र म्हणते. खरं का?

कोणासोबत खेळून राहिला यावर आहे. एकट्याच्या गेममध्ये चीट म्हणजे खेळण्याचाच एक प्रकार. व्हाइस सिटीत "पॅन्झर" टाइप करून रणगाडा काढला अन् "लीव्ह मी अलोन" टाइप करून पोलीस घालवले, त्यात कोणाचं नुकसान झालं? कॉन्ट्राच्या ३० जिवांचा कोड तर कंपनीच्याच माणसानं ठेवलेला आहे. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे प्रोग्रामर होते, १९८६ ला ग्रेडियस हा गेम तपासताना त्यांनाच तो जड जायचा, म्हणून त्यांनी हा कोड टाकला अन् काढायचा राहून गेला, मंग कंपनीनं तोच पुढच्या गेममध्येही वापरला.

ऑनलाईन मात्र समोर ९९ माणसं बसली आहेत. तिथं एमबॉट (आपोआप नेम लावणारं सॉफ्टवेअर), भिंतीतून पाहणं वगैरे केलं तर ते चोरी आहे, बंदी बसते आणि बसलीच पाहिजे. यूट्यूबवर पाहून कोडं सोडवलं तर ते चीटिंग नाही, पण आधी एक रात्र तरी स्वतः डोकं लाव, झोपताना उत्तर सुचते त्याची मजा वेगळी आहे.

११. आमची मोठी माय दिवसभर कँडी क्रश खेळते, तिले गेमर म्हणाव का? (हा प्रश्न चेष्टेनं येतो, दर वेळी)

म्हणावं. तिला विचार पट्टेवाली कँडी आणि पाकिटवाली कँडी जोडली तर काय होते, ती सांगेल तीन आडव्या अन् तीन उभ्या ओळी साफ. पाच एका ओळीत लागले की रंगीत गोळा बनतो तो ती लगेच फोडत नाही, चाली संपत आल्या की काढते. हे तिला कोणी शिकवलं नाही. तू बीजीएमआयमध्ये ग्रेनेड कधी टाकायचा याचा एवढा विचार करतोस का? लुडो किंगचंही तसंच, फासा नशिबाचा पण कोणती सोंगटी पुढं काढायची ते डोक्याचं. काही बायका असा अडवून ठेवतात की माणूस फोन ठेवून चहा प्यायला निघून जातो.

१२. आपल्या इकडच्या शेतीसारखा एखादा गेम आहे का?

आपल्या इकडच्यासारखा नाही, पण शेतीचे दोन गेम सांगतो, दोन्ही अगदी वेगळे.

पहिला फार्मिंग सिम्युलेटर. स्वित्झर्लंडची जायंट्स सॉफ्टवेअर कंपनी बनवते, २००८ पासून चालू आहे. सोयाबीन १७ नंबरच्या भागात आलं, कापूस १९ नंबरच्या, ज्वारी २२ च्या. मोबाईलवाल्या २० नंबरमध्येही कापूस आहे. तूर नाही, कायची असणार. मी बाबांना कापूसवाला भाग दाखवला. बाबा खुर्ची ओढून बसले. मोठं मशीन पऱ्हाटीवरून गेलं आणि मागून आख्खा गठ्ठा बांधून टाकला. बाबा बोललेच नाही काही. मंग म्हणे परत घे. परत घेतलं. आपल्याकडे सीतादही करून वेचणी सुरू होते, बाया कंबरेला ओटी बांधून एकेक बोंड वेचतात, बोंडाच्या टोकानं नखाच्या कडा फाटतात, अन् इथं एसीत बसलेला माणूस दहा मिनिटात वावर पांढरं होतं ते रिकामं करतो. मंग बाबांचे प्रश्न सुरू झाले. बोंडअळी कुठं आहे? नाही. व्यापारी कडता कापते का? नाही. भाव? भाव खालीवर होतो, अन् वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा असतो, म्हणून साठवून ठेवून चढ्या भावात विकता येते. कर्ज? बँक देते, लगेच. तेव्हा बाबा उठले, म्हणे हा गेमच आहे.

म्हणून सांगतो, आपली पोरं हा गेम लय बारकाईनं खेळू शकतात, कारण कोणती गोष्ट त्यात नाही हे आपल्याला लगेच कळते.

दुसरा स्टारड्यू व्हॅली, २०१६. हा एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसानं बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोडिंग त्याचं, चारेक वर्षं बसून. छोटं गाव, छोटं वावर, २८ दिवसांचा एक ऋतू, ऋतू बदलला की उभं पीक वाळते, म्हणून पेरताना दिवस मोजावे लागतात. पाऊस आला की त्या दिवशी पाणी द्यायची सुट्टी. मोबाईलवर विकत आहे, एकदाच पैसे, मध्ये जाहिराती नाहीत. वावरातून थकून आल्यावर परत वावरच खेळायचं का, असं माझा भाऊ म्हणायचा, आता तोच रात्री कोबी लावून राहिला असतो.

१३. इंग्रजी येत नाही, गेमची स्टोरी समजत नाही. मंग स्किप मारतो. चालते का?

स्किप मारण्यापेक्षा सबटायटल लावून ठेव, फोनमधलं गूगल लेन्स धरलं की मोडकंतोडकं मराठी येते, तेवढ्यात काम भागते. आणि बिनशब्दाचे गेमही आहेत. लिम्बो (२०१०) मध्ये एकही वाक्य नाही, काळंपांढरं जंगल, एक पोरगं, अन् एक मोठा कोळी ज्याला पाहून माझा पुतण्या फोन टाकून पळाला. आपल्या मातीचं पाहिजे असेल तर राजी नावाचा गेम पाहा, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवला, २०२० ला आला, दुर्गेची कृपा असलेली मुलगी भावाला शोधायला निघते.

१४. मी दहावीच्या मुलाची आई. रात्री एक वाजेपर्यंत गेम खेळतो, जेवायला बोलावलं तर अंगावर येतो. व्यसन लागलं का हो याला?

काकू, लगेच व्यसन म्हणू नका, पण पाहा. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार आपल्या यादीत घेतला आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन खुणा आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम वरचढ होतो, अन् नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही. हे साधारण वर्षभर चालू असलं तर डॉक्टर तसं म्हणतात. परीक्षेनंतरच्या सुट्टीत पंधरा दिवस खेळला म्हणजे ते हे नव्हे.

आता जेवायचं. ऑनलाईन मॅच मध्येच थांबवता येत नाही, पंचवीस-तीस मिनिटांची असते, अन् तो उठला तर बाकी तिघं हरतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता ये" म्हटलं की भांडण ठरलेलं. "ही मॅच झाली की ये, पुढची लावू नको" असं म्हणून पाहा, निम्मी भांडणं इथंच मिटतात. बीजीएमआय २०२३ ला परत आला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तासाची मर्यादा टाकली होती, पण पोट्टे आजोबाचं वय टाकून बसतात, ते एकदा तपासा. आणि यूपीआयचा पिन त्याला माहीत नसू द्या.

शाळा सोडली, मित्र सोडले, झोप सोडली असं असेल तर मोबाईल फोडून काही होत नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

१५. रमी आणि पैसेवाली क्रिकेट टीम लावणारा गेमचा शौकीन होते का?

नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे व्यवहार करणं सगळं बंद. डोकं लागते की नशीब, हा वादच त्यात ठेवला नाही. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण त्यानंतरही कोणी लिंक पाठवून "यावर चालू आहे" म्हणत असेल तर तिथं गेलेले पैसे परत मागायला दारच नाही.

१६. मंग गावात आम्ही ५०-५० रुपये जमा करून कस्टम रूम (आपल्या आपल्यातली मॅच) खेळतो, जिंकणाऱ्याला सगळे. हे पण बंद का?

हा सगळ्यात जास्त येणारा अवघड प्रश्न. कायद्यात ईस्पोर्ट्सला वेगळी जागा आहे, तिथं प्रवेश फी आणि बक्षीस चालते, पण ती स्पर्धा मान्यताप्राप्त आणि नोंदणी केलेली पाहिजे. तुमचं व्हॉट्सॅप ग्रुपवालं "जमा करा, जिंकेल तो नेईन" हे त्यात बसत नाही. पोळ्याला नाहीतर गणपतीत स्पर्धा घ्यायचीच असेल तर खेळणाऱ्याकडून काहीच घेऊ नका, मंडळानं किंवा दुकानदारानं ट्रॉफी द्यावी. ट्रॉफी मी देतो, दरवर्षी देतो, त्यावर दुकानाचं नाव टाका फक्त.

१७. ईस्पोर्ट्समध्ये जायचं आहे. कॉलेज सोडू का?

सोडू नको. रस्ता खरा आहे, २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होता, तिथं भुजच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं, पुढच्या हांगझोऊच्या खेळांत तर पदकंच होती. पण वर पोचणारे बोटावर मोजण्याइतके, आणि खेळाडूचा गेमच रातोरात बंद होऊ शकतो (प्रश्न १९). गेमशी नातं ठेवून पोट भरायचं तर बनवायला शीक. गेम बनवायचं गोडो आणि थ्रीडी चित्रं बनवायचं ब्लेंडर दोन्ही फुकट आहेत, साध्या पीसीवर चालतात. पहिला गेम भंगार होईल, सगळ्यांचा होतो.

१८. एकच गेम वर्षानुवर्षे खेळणारा शौकीन का, सगळे गेम थोडे थोडे खेळणारा?

दोघंही. पण एकाच गेमच्या तळाशी जाणारे लोक मला जास्त आवडतात. टेट्रिस १९८४ चा. त्याची निन्टेन्डोवाली आवृत्ती १९८९ ला आली, तिला शेवटच नाही असं सगळे धरून चालले होते, ठोकळे इतक्या जोरात पडायला लागतात की बोट पुरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या पोरानं खेळता खेळता तो लेव्हल १५७ ला नेऊन अडकवला, गेमच बंद पडला, म्हणजे माणसानं पहिल्यांदा त्याला हरवलं. चौतीस वर्षं लागली. लोकांनी मध्ये रिमोट धरायची पद्धतच बदलली, मागून बोटानं टकटक करायची. असा शौक.

१९. पैसे टाकून घेतलेला गेम आपला असते का? पबजीत टाकलेले माझे पैसे गेले न.

बहुतेक वेळा नाही. पबजी २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, बीजीएमआय जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ ला स्टोअरवरून गेला, मे २०२३ ला परत. साधा फ्री फायर फेब्रुवारी २०२२ ला बंद, मॅक्स चालू राहिला. ऑनलाईन गेममध्ये तू कपडे, बंदुकीचा रंग वगैरे जे घेतोस ते कंपनीच्या सर्व्हरवर असते, सर्व्हर बंद तर सगळं बंद. स्टीमही २०२४ पासून स्पष्ट लिहून देते की तुम्ही परवाना घेऊन राहिले, गेम नाही. जीओजी नावाचं दुकान इन्स्टॉल फाईलच देते, ती हार्डडिस्कवर ठेवली की आपली. स्किनवर महिन्याला किती घालायचे ते त्या हिशोबानं ठरव.

२०. एक जण त्याची लेव्हल ७५ वाली आयडी चार हजारात विकून राहिला. घेऊ का?

नको घेऊ. आयडी ज्याच्या मूळ ईमेलवर बनली तो चार दिवसांनी कस्टमर केअरला सांगतो माझी हॅक झाली, त्याला परत भेटते, तुझे चार हजार जातात, अन् कंपनीच्या नियमातच विक्री बसत नाही म्हणून तुला कोणी उभं करत नाही. त्या चार हजारात गेमपॅड नाही तर चांगला इअरफोन अन् वर स्टीमच्या सेलमधले पाच-सहा गेम येतात. पॅड घ्यायचा असेल तर दुकानात येऊन हातात धरून पाहा, फोटो पाहून मागवू नको, स्वस्तवाल्यांची डावी स्टिक दोन महिन्यात स्वतःहून चालायला लागते.